क्रुगरमध्ये स्टिअरिंग आपल्याच हाती: दक्षिण आफ्रिकेतली सेल्फ-ड्राइव्ह सफारी

ताडोब्यात जिप्सी, गाइड आणि नेमून दिलेलं गेट यांच्याशिवाय पान हलत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये विमानतळावर भाड्याने घेतलेली साधी हॅचबॅक थेट गेटवर न्यायची, पैसे भरायचे, परवान्याचा कागद जपून ठेवायचा आणि आत शिरायचं. सिंह कुठे बसलाय हे सांगणारं कुणी नाही, आणि ‘चला, वेळ संपली’ म्हणणारंही कुणी नाही. आफ्रिकन सफारी म्हटलं की माणशी काही लाखांचा आकडा डोळ्यांपुढे येतो. त्यातला मोठा वाटा लॉजचा आणि गाइडच्या गाडीचा असतो, आणि क्रुगरमध्ये नेमका तोच वगळता येतो. सरकारी दरात, आपल्या तब्येतीने जंगल पाहायचं असेल तर याच्या तोडीची दुसरी सोय सापडणं कठीण. दोन रात्रींत ‘बिग फाइव्ह’ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी उरकायची असेल तर मात्र ही सफारी तुमच्यासाठी नाही, ते काम खाजगी लॉजवाले जास्त चांगलं करतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नकाशा फसवतो

क्रुगरचं मूळ असलेलं साबी अभयारण्य १८९८ मध्ये जाहीर झालं, १९२६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. आज क्षेत्रफळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. गोव्यासारखी पाच राज्यं आत मावतील. उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किलोमीटर. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. नकाशावर दोन कॅम्पमधलं, म्हणजे उद्यानातल्या दोन मुक्कामांमधलं, अंतर ९३ किलोमीटर दिसतं आणि माणूस मनात म्हणतो, दीड तास. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० ही कमाल मर्यादा आहे, रडार लावून दंडही होतो. पण खरा वेग त्याहून कमी ठेवावा लागतो. प्राणी दिसावेत असं वाटत असेल तर गाडी २० ते २५ वर हवी. त्यात हत्तींचा कळप रस्ता ओलांडतो, कुठे दहा गाड्या थांबलेल्या असतात, कुठे जिराफ पाणी प्यायला पाय फाकवत असतो. लोअर साबी कॅम्पहून साताराला (हाही क्रुगरमधलाच कॅम्प, आपला सातारा नव्हे) जाणारे हे ९३ किलोमीटर पाच-सहा तास घेतात. रोजचा आराखडा सरासरी ताशी २० किलोमीटर धरूनच करावा.

म्हणून सगळं क्रुगर एका फेरीत ‘करण्याचा’ नाद सोडावा. पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिण आणि मध्य भाग धरावा: लोअर साबी किंवा स्कुकुझाला दोन रात्री, साताराला दोन रात्री, जमलं तर ऑलिफंट्सला एक. ऑलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपानेची झाडी सुरू होते. एकसुरी आणि दाट, त्यामुळे मांजरकुळातले प्राणी तिथे कमी दिसतात. अगदी उत्तरेचा पाफुरी भाग पक्षी पाहणाऱ्यांचा स्वर्ग आहे, पण तो दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलेला बरा. चार रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर एकाच कॅम्पवर राहावं. रोज सामान बांधण्यात पहाट जाते, आणि इथे पहाट हेच भांडवल आहे.

आतच राहा, यात तडजोड नको

भारतातून मिळणाऱ्या बऱ्याच पॅकेजांमध्ये ‘क्रुगर २ रात्री’ असं लिहिलेलं असतं. मुक्काम पाहिला तर तो उद्यानाबाहेरच्या हेझीव्ह्यू गावातल्या किंवा गेटबाहेरच्या एखाद्या हॉटेलात असतो. खोली आतल्या बंगल्यापेक्षा चांगली असेल, पोहण्याचा तलावही असेल. तरी हा सौदा तोट्याचा. नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत उद्यानाची बाहेरची गेटं साडेपाचला उघडतात, पण आत राहणाऱ्यांसाठी कॅम्पची फाटकं साडेचारलाच उघडतात. तिथे हाच उन्हाळा. सात-साडेसातनंतर सिंह झुडपात शिरतो, म्हणजे कामाच्या तीन तासांतला एक तास बाहेरच्याने आधीच गमावलेला असतो. उरलेल्या वर्षात दोन्हींची वेळ एकच असली, तरी बाहेरच्यांना गेटवर रांग लावावी लागते, कागद तपासून घ्यावे लागतात आणि संध्याकाळी गेट बंद होण्याआधी मोठं अंतर तोडून परत यावं लागतं.

बंद होण्याच्या वेळा पाठच करून ठेवाव्यात. मे ते जुलै साडेपाच. मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर सहा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेसहा. सकाळी उघडण्याची वेळ एप्रिल ते सप्टेंबर सहाची, फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरमध्ये साडेपाचची. संध्याकाळी उशीर झाला तर दंड भरावा लागतो, आणि ‘हत्ती रस्त्यात उभे होते’ हे कारण तिथल्या लोकांनी हजारदा ऐकलेलं असतं. परतीच्या अंतराला लागणाऱ्या वेळेत अर्धा तास जास्तीचा धरावा.

आतले मुक्काम सॅनपार्क्स या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः आरक्षित करता येतात. कॅम्पमध्ये तंबूची जागा, कायमस्वरूपी तंबू, सामायिक न्हाणीघराच्या झोपड्या, बंगले आणि कुटुंबासाठी कॉटेज असे प्रकार असतात. दोघांचा साधा बंगला रात्रीला दीड-दोन हजार रँडपासून पुढे जातो. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये. याशिवाय परदेशी प्रौढाला दर दिवशी संवर्धन शुल्क पडतं, ते सहाशे रँडच्या आसपास आहे आणि दर वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे दर लागू होतात. आठवड्याहून जास्त मुक्काम असेल, किंवा देशातली आणखी उद्यानं पाहायची असतील, तर ‘वाइल्ड कार्ड’ या वार्षिक पासचा हिशेब करून पाहावा.

आरक्षण जवळपास वर्षभर आधी उघडतं. लोअर साबी आणि सातारा आधी भरतात. तिथल्या शाळांच्या जून-जुलैच्या सुट्ट्या, ईस्टर आणि डिसेंबरमध्ये तर जागा दिसतच नाही. तरी निराश होऊ नये. लोक रद्द करत असतात, प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी रोज एकदा पाहत राहिलं की एकेक रात्र सुटते. खोली निवडताना वर्णन शब्द न् शब्द वाचावं. ‘पेरिमीटर’ असं लिहिलेला बंगला कुंपणाला लागून असतो आणि रात्री तरस फेऱ्या मारताना व्हरांड्यातून दिसू शकतो. ‘रिव्हर व्ह्यू’ आणि साधा बंगला यांच्यातला फरक ऑलिफंट्समध्ये जाणवतो, कारण तो कॅम्प नदीच्या वर उंच कड्यावर आहे. स्कुकुझात तो एवढा मोलाचा नाही.

आतल्या सोयीबद्दल स्पष्ट सांगायचं तर सरकारी विश्रामगृहाची अपेक्षा ठेवावी. चादरी स्वच्छ, एसी चालतो, गरम पाणी येतं. रंग, फर्निचर, टॉवेल यांची अवस्था बंगल्यागणिक बदलते. भाड्याच्या मानाने खोली साधी वाटेल. भाडं जागेचं आहे.

कोणती गाडी, कोणता रस्ता

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची गरज नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत, आणि कोरड्या दिवसांत बहुतेक कच्च्या रस्त्यांवरही हॅचबॅक आरामात जाते. महत्त्वाची आहे ती उंची. डिसेंबर ते एप्रिल गवत बोनेटच्या वर येतं आणि खालच्या सीटवरून गवताखेरीज काही दिसत नाही. त्या काळात पैसे थोडे जास्त गेले तरी उंच गाडी घ्यावी. मे ते सप्टेंबर गवत वाळून बसतं, तेव्हा लहान गाडीही चालून जाते. भाड्याच्या यादीत टोयोटा स्टारलेट दिसली तर बिचकू नका. ती आपली बलेनोच आहे, भारतात बनून तिकडे जाते.

दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही. भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा, तो वर्षभर चालतो. भाड्याच्या काउंटरवर तो मागतात, आणि क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी मिळत नाही. दुसरा चालक नोंदवून घ्या. जो गाडी चालवतो त्याला प्राणी सगळ्यांत कमी दिसतात, म्हणून दर दोन तासांनी अदलाबदल करणं न्यायाचंही आहे. विम्यात टायर आणि काचा येतात का, कच्च्या रस्त्यावरचं नुकसान वगळलंय का, हे सही करण्याआधी वाचावं. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे का आणि जॅक-पाना जागेवर आहे का, हे तिथेच डिकी उघडून पाहावं. जंगलात टायर बसला तर लगेच उतरायचं नाही. येणाऱ्या गाडीला थांबवून पहारा द्यायला सांगायचं, किंवा गेटवर मिळालेल्या कागदांवरच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा.

जोहान्सबर्गहून एन ४ महामार्गाने मलेलेन किंवा क्रोकोडाइल ब्रिज गेटला साधारण पाच तास लागतात. वाटेत टोलनाके आहेत आणि रस्ता उत्तम आहे. नुंबी गेटकडे जाणारा रस्ता टाळावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाचा खून झाला होता. फोनवरचा नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून तिकडेच वळवतो, त्यामुळे मार्गात गेटचं नाव टाकून नीट तपासून घ्यावं. अंधारात महामार्गावर असू नये. विमान सकाळी उतरत असेल तरच त्याच दिवशी क्रुगर गाठावं; दुपारी उतरत असेल तर जोहान्सबर्गला किंवा वाटेत मुक्काम करावा. क्रोकोडाइल ब्रिजहून लोअर साबी ३४ किलोमीटरच आहे, पण त्यालाही दोन तास हाताशी हवेत.

उद्यानात रस्त्यांना नावांपेक्षा क्रमांकाने ओळखतात. ‘एच’ने सुरू होणारे बहुतेक डांबरी, ‘एस’ने सुरू होणारे बहुतेक कच्चे. हौशी मंडळींच्या गप्पा ‘एस १०० वर काय दिसलं?’ अशाच चालतात. स्कुकुझा ते लोअर साबी हा एच ४-१ साबी नदीला धरून जातो. नदीकाठच्या मोठ्या झाडांमुळे बिबट्यासाठी हा सगळ्यांत नावाजलेला रस्ता, आणि म्हणूनच सगळ्यांत गर्दीचाही. सकाळी फाटक उघडताच निघालात तर पहिला तास तुमचा. नऊनंतर तिथे वाहतूक कोंडी होते. लोअर साबीजवळचं सनसेट डॅम हे पाणी अगदी रस्त्याला लागून आहे. पाणघोडे, मगरी, बगळे, चित्रबलाकाचे आफ्रिकी भाऊबंद, सगळं गाडीतून दहा-पंधरा मीटरवर. फाटक बंद व्हायला वीस मिनिटं उरली असताना वेळ घालवायला याहून चांगली जागा नाही.

लोअर साबीहून उत्तरेला निघताना एच १० घ्यावा. माळरान उघडं होतं, चित्त्याची शक्यता वाढते, आणि न्कुम्बेच्या टेकाडावर गाडीतून उतरून मैदान न्याहाळता येतं. साताराभोवती काटेरी बाभळी आणि मारुलाचं गवताळ रान आहे. झेब्रे, विल्डबीस्ट आणि म्हशींचे कळप मोठे, म्हणून सिंहही जास्त. साताराच्या पूर्वेला ओढ्याकाठाने जाणारा एस १०० पहाटे करावा आणि पश्चिमेला एच ७ वरचं न्सेमानी पाणस्थळ संध्याकाळी. 

पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, नदीपात्रातले बुटके पूल पाण्याखाली जातात आणि काही कच्चे रस्ते बंद ठेवतात. रोज सकाळी रिसेप्शनवर विचारूनच निघावं.

प्राणी सापडतात कसे

ताडोबा-पेंचमध्ये फिरलेल्यांना चितळ-वानरांच्या कॉलची, म्हणजे धोक्याच्या हाकेची, सवय असते. इथे ते काम इम्पाला हरणं आणि व्हर्व्हेट माकडं करतात. इम्पाला नाकातून फुरफुरल्यासारखा जोरदार आवाज काढतो. त्याहून भरवशाची खूण म्हणजे सगळा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला मान करून उभा राहतो. तिथे थांबा, इंजिन बंद करा आणि त्यांच्या नजरेची रेघ धरून दुर्बिणीने पाहा. झाडावर खार शेपटी झटकत सतत कचकचत असेल तर खाली साप, मुंगूस किंवा मांजरकुळातलं काहीतरी आहे. गिधाडं आकाशात गोल फिरत असतील तर फार अर्थ काढू नये, ती हवेच्या प्रवाहावर चढत असतात. ती एका पाठोपाठ एक खाली उतरत असतील, किंवा एकाच झाडावर दाटीने बसून खाली पाहत असतील, तर जवळ शिकार पडलेली आहे; झाडावरच बसून राहिली असतील तर शिकारी बहुधा अजून तिथेच आहे.

पहाटे सिंह डांबरावर भेटतात, याला कारण आहे: रात्रभर डांबर उबदार राहतं आणि दवाने भिजलेल्या गवतापेक्षा त्यावर चालणं सोपं. म्हणून पहिला तास डांबरी रस्त्यावर आणि नंतर कच्च्यावर हा क्रम ठेवावा. झाडी पाहताना कडेची पानं पाहू नका, झुडपाच्या आत, सावलीत नजर न्या. जंगलात सगळं उभं वाढतं. आडवी रेघ दिसली की ती पाठ असते किंवा पडलेलं खोड, आणि दहातल्या नऊ वेळा खोडच असतं.

गेंड्याबद्दल एक अलिखित नियम पाळावा. कॅम्पच्या रिसेप्शनजवळ नकाशाच्या फलकावर लोक रंगीत खुणा लावून काय कुठे दिसलं ते नोंदवतात, पण त्यात गेंडा नसतो. शिंगासाठी होणाऱ्या शिकारीमुळे त्याची जागा जाहीर करत नाहीत. तुम्हीही फोटो टाकताना ठिकाण लिहू नका आणि फोनमधली जागेची नोंद बंद ठेवा. बऱ्याच गेंड्यांची शिंगं याच कारणाने कापलेली दिसतील.

प्राणी कुठे दिसला हे कळवणारी अॅप आणि गट आता भरपूर आहेत. वापरून पाहा, पण त्यांच्या मागे धावू नका. बिबट्या दिसल्याची खबर येते तेव्हा तुम्ही ३० किलोमीटरवर असता. तासाभराने पोचता तेव्हा तिथे पंचवीस गाड्या आणि रिकामी फांदी असते. त्याच तासात एका पाणस्थळावर इंजिन बंद करून बसलं तर जास्त हाती लागतं.

हत्ती: इथे चूक महागात पडते

क्रुगरमध्ये पर्यटकांच्या गाड्या उलटवल्या गेल्याचे जे प्रकार घडले, त्यांत सिंह नाही, हत्ती आहे. भाड्याची छोटी गाडी त्याच्यासाठी काहीच नाही. एकटा मोठा नर रस्त्यावरून समोर चालत येत असेल तर पहिल्यांदा त्याचं गंडस्थळ पाहा. डोळा आणि कान यांच्यामधून काळपट ओघळ गालापर्यंत आलेला असेल, मागच्या पायांच्या आतल्या बाजूने लघवी थेंबथेंब गळत असेल आणि मान उंच धरलेली असेल, तर तो मदावर आहे. त्याला रस्ता द्यायचा. इंजिन चालू ठेवा, गाडी रिव्हर्समध्ये टाका आणि सरळ, सावकाश मागे जात राहा. तो चालणं थांबवत नाही तोवर तुम्हीही थांबू नका. वेळ एक-दोन किलोमीटर मागे जाण्याचीही येऊ शकते. हॉर्न वाजवणं, इंजिन फुरफुरवणं, बाजूने सुळकन निघायचा प्रयत्न करणं, यांनी तो चिडतो.

माद्या आणि पिलं रस्ता ओलांडत असतील तर ५० मीटरवर थांबा आणि शेवटची हत्तीण गेल्यावरही दोन मिनिटं हलू नका. झुडपात मागे राहिलेलं एखादं पिल्लू असतंच. कळपाच्या मधोमध गाडी घातली की कळपाचे दोन तुकडे होतात, आणि मग सोंड उंचावून, कान पसरून येणारी हत्तीण काचेत मावत नाही. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर हत्ती येण्याआधीच मागे सरकायला जागा आहे का ते आरशात पाहून ठेवावं. बहुतेक अडचणी इथेच होतात: पुढच्या गाडीला मागे यायचं असतं आणि मागच्याला फोटो हवा असतो.

बाकी नियम साधे आहेत. नेमलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. खिडकीतून किंवा सनरूफमधून अंग बाहेर काढायचं नाही. मोठ्या नद्यांवरच्या काही पुलांवर पिवळ्या पट्ट्यांमधल्या भागात उतरायची परवानगी असते, ती पाटी पाहून. ड्रोनला सक्त मनाई.

पोटापाण्याची सोय

बंगल्यात भांडीकुंडी, फ्रीज आणि बहुतेक ठिकाणी दोन हॉटप्लेट मिळतात, बाहेर ब्राय म्हणजे निखाऱ्यावर भाजायची शेगडी असते. लाकूड-कोळसा कॅम्पच्या दुकानात विकत मिळतो. जंगलातली काटकी उचलायची नाही. स्वस्त झोपड्यांमध्ये स्वयंपाक सामायिक ओट्यावर करावा लागतो, म्हणून वर्णनात ‘किचन’ आहे का ते पाहा. कॅम्पच्या दुकानात मांस, ब्रेड, बिअर भरपूर आणि भाज्यांचा दुष्काळ असतो. कांदे, टोमॅटो, बटाटे, दही, फळं यांची खरेदी मलेलेन, कोमाटीपुर्ट किंवा म्बोम्बेलाच्या सुपरमार्केटमध्येच उरकून आत शिरावं. घरून पोहे, मुगाची डाळ, मसाले, चटण्या आणि चहा आणला की चार दिवस निभतात. शाकाहाऱ्यांना कॅम्पच्या हॉटेलात टोस्ट, चिप्स, पिझ्झा, एखादा व्हेज बर्गर मिळतो. दोन दिवसांत कंटाळा येतो आणि ऑर्डर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. जैन जेवणाची आशा ठेवू नये.

जंगलातल्या पिकनिकच्या जागा मात्र फार छान. न्कुहलू, त्शोक्वाने, अफसाल अशा ठिकाणी स्कॉटल नावाची गॅसवरची मोठी उथळ कढई भाड्याने मिळते. पहाटे फाटकाबाहेर पडायचं, नऊ वाजता तिथे पोचून त्यावर कांदेपोहे किंवा अंडी करायची, आणि दुपारी कॅम्पवर परतायचं. स्वच्छतागृहंही रस्त्यावर फक्त अशाच जागी असतात, आणि दोन जागांत ४०-५० किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास जातात. बरोबर लहान मुलं किंवा मधुमेही ज्येष्ठ असतील तर दिवसाचा मार्ग याच हिशेबाने आखावा.

माकडं आणि बबून यांना कमी लेखू नका. व्हरांड्यातल्या फ्रीजला कडी असते किंवा तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो, तो तसाच परत ठेवायचा. न्कुहलूला तर ताटावर झडप घालणारी टोळीच आहे. साताराला रात्री हनी बॅजर नावाचा छोटा शिकारी प्राणी कचऱ्याचे डबे उपसतो. जेवणाची भांडी बाहेर ठेवून झोपू नये.

प्लगचा प्रश्न सोपा आहे. तिथे मोठ्या तीन पिनांचा प्लग चालतो, आपल्याकडे गीझर किंवा एसीला असतो तसा सोळा अँपिअरचा. लहान पिनेवरून मोठ्या पिनेवर नेणारा जोड आपल्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. विमानतळावरच्या ‘जागतिक’ अडॅप्टरमध्ये बऱ्याचदा नेमकी हीच पिन नसते.

गाइडसोबतच्या फेऱ्या, आणि खाजगी लॉज

स्वतः गाडी चालवत असलात तरी सॅनपार्क्सची एक रात्रीची किंवा सूर्यास्ताची फेरी घ्यावीच. अंधारात बाहेर राहण्याचा तोच एक मार्ग. साळिंदर, जेनेट आणि सिव्हेट ही मांजरासारखी निशाचर जनावरं, घुबडं आणि शिकारीला निघालेले सिंह तेव्हा दिसतात. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. वाहन उंच आणि उघडं असतं. जून-जुलैत पहाटे पाच ते दहा अंशांत वारा अंगात शिरतो, तेव्हा कानटोपी, हातमोजे आणि ब्लँकेट हवंच. मोठ्या ट्रकपेक्षा दहा आसनी गाडी मिळत असेल तर ती मागा. ट्रकमध्ये दिवा धरणारा प्रवासी उत्साही असेल तर सगळी फेरी झाडांच्या शेंड्यांवर जाते.

पहाटेची पायी फेरी आणखी सरस. दोन बंदूकधारी गाइड, जास्तीत जास्त आठ माणसं, वयाची अट बारा वर्षं. यात प्राणी कमी दिसतात. पावलांचे ठसे, लेंड्या, वाळवीची वारुळं आणि झाडांचे उपयोग कळतात, आणि म्हशीच्या बाजूने वारा आहे की विरुद्ध, हे पायांनी समजतं. पूर्ण पैसे वसूल.

क्रुगरच्या पश्चिमेला लागून असलेल्या साबी सँडसारख्या खाजगी राखीव जंगलांत वेगळा मामला आहे. १९९३ मध्ये मधलं कुंपण काढलं, त्यामुळे प्राणी तेच आहेत. फरक असा की तिथे गाइडची गाडी रस्ता सोडून झुडपात बिबट्याच्या मागे जाते, बोनेटवर बसलेला ठसे वाचणारा माणूस असतो, आणि एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबायच्या याची मर्यादा असते. बिबट्या जवळून पाहायचाच असेल तर तिथली शक्यता कितीतरी जास्त. दर माणशी रात्रीला आठ-दहा हजार रँडपासून सुरू होतात आणि पन्नास हजारांपुढेही जातात; जेवण आणि दोन फेऱ्या त्यात धरलेल्या असतात. खर्च झेपत असेल तर आधी क्रुगरमध्ये चार रात्री आणि शेवटी लॉजवर दोन, हा क्रम उत्तम. आधी लॉज केलं तर नंतर स्वतः शोधण्याचा धीर राहत नाही.

आरोग्य आणि कागदपत्रं

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. धोका ऑक्टोबर ते मे जास्त, कोरड्या थंडीत कमी. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि कधीपासून, ते निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना विचारावं. गर्भवती आणि लहान मुलांबाबत तर विचारल्याशिवाय जाऊच नये. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम. परत आल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवासाबद्दल सांगावं.

पीतज्वराच्या लशीत अनेकांची गफलत होते. भारतातून थेट दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्याला ती लागत नाही. पण मुंबईहून बरेच जण अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात. तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबा पडला, किंवा केनियाची सफारी जोडून घेतली, तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना प्रमाणपत्र मागतात. तसल्या देशांत राहून परतताना भारतातही ते दाखवावं लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. केंद्रांवर तारखा लवकर भरतात, म्हणून हे काम व्हिसाबरोबरच सुरू करावं. पासपोर्टमध्ये किमान दोन कोरी पानं हवीत.

निघण्याच्या दिवशी बंगला दहाला सोडायचा असतो. साताराहून ऑर्पेन गेट ४८ किलोमीटर आहे आणि तो रस्ताही सफारीचाच, त्यामुळे पहाटे निघून सावकाश बाहेर पडता येतं. गेटवर परवान्याचा कागद परत तपासतात, तो फेकू नका. आणि विमानतळावर गाडी परत करण्याआधी वाटेत ती धुऊन घ्या. कच्च्या रस्त्यांची लाल धूळ आतल्या सीटांपर्यंत बसलेली असते, आणि सफाईचा आकार धुण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट लावतात.